मायाक्काचा पत्ता

सुगी आली की आमच्याकडं लोकांना हुरडा आठवतो, कडब्याच्या गंजी आठवतात. मला मेंढरं आठवतात. ज्वारीची कणसं खुडून झाली, खळी उठली, की काळ्या रानात नुसती धसकटं उरायची आणि मग एखाद्या सकाळी माडीच्या खिडकीतून वास यायचा. लोकर, लेंड्या, ओलं घोंगडं आणि बाभळीच्या शेंगा यांचा मिळून एक वास असतो. आमच्या घरात त्याला ‘घाण’ म्हणत. मी मात्र त्या वासासाठी पौष महिन्यापासून खिडकीत बसायची. तो आला की समजायचं, मायाक्का आली.

परवा मोटारीतून होटगीच्या बाजूनं येताना तोच वास आला. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या रानात मेंढरं बसवली होती, भोवती जाळीची वाघूर लावली होती, तीन दगडांवर काहीतरी शिजत होतं. ड्रायव्हरनं नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, “आजी, कुनी ओळखीचं हाय का?” मी म्हटलं, “व्हय. लई जुनं.”

ही गोष्ट तीस सालाच्या आसपासची. आमचं गाव होटगी स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर. माझे वडील, आबा, गावचे पाटील. आमचं घर दगडी, माडीचं, गावात सगळ्यांत उंच. भिंती दीड हात जाड. बाहेर ऊन पेटलेलं असलं तरी आत गार. लोक कौतुकानं सांगायचे की या घरात उन्हाळा शिरत नाही. खरं होतं ते. त्या घरात काहीच शिरत नसे, आणि आतलं काही बाहेर जात नसे. मी चौदा वर्षांची होते तेव्हा पाय न वाजवता चालायला शिकले होते, दाराआड उभं राहून बोलणं ऐकायला शिकले होते, आणि विचारल्याशिवाय न बोलायला तर केव्हाच शिकले होते. हे मला कुणी मारून शिकवलं नाही. घरानंच शिकवलं.

मायाक्काला घर नव्हतं. तिचे वडील बिराप्पा धनगर, आई सत्यव्वा, दोन थोरले भाऊ, दीडेकशे मेंढरं आणि संसार लादायला एक तांबडं घोडं. मेंढरांच्या मुक्कामाला ते ‘वाडा’ म्हणत. हा वाडा पायांवर चालायचा. सुगीनंतर तीन महिने आमच्या रानात, मग दुसऱ्या कुणाच्या, पावसाळ्यात माढ्याकडच्या माळावर. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलवत. बोलवत, पण उंबऱ्याच्या आत घेत नसत.

मायाक्का मेंढरांशी कानडीत बोलायची आणि माणसांशी मराठीत. तिला लिहावाचायला कुणी लावलं, तर कुणीच नाही. सातव्या वर्षी ती आमच्या गावच्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि गुरुजींना म्हणाली, “आमी हितं तीन म्हैनं हाव. तवर बसू का?” गुरुजी बिचारे भिडस्त. त्यांनी बस म्हटलं. तीन महिन्यांनी वाडा हलला, तशी ती पुढच्या गावच्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. वर्षाला चार-पाच शाळा. एका शाळेत तेराचा पाढा, दुसऱ्या शाळेत पुन्हा बाराचा. एका गुरुजींचं भूगोलावर प्रेम, दुसऱ्यांचं व्याकरणावर. मी एका बाकावर सात वर्षं बसून जे शिकले ते तिनं सहा-सात गावांतून गोळा केलं. सुगीत ती आली की माझी पुस्तकं घेऊन जायची. मेंढरांमागं चालता चालता वाचायची. पुस्तक परत यायचं तेव्हा पानांत बाभळीची फुलं असायची. आई ती झटकून टाकायची.

त्या वर्षी आम्ही दोघी सातवीला होतो. सातवीच्या मुलींत आम्ही दोघीच. सातवीची परीक्षा, जिला सगळे ‘फायनल’ म्हणत, सोलापुरात व्हायची. गुरुजींनी आमच्या दोघींची नावं पाठवायचं ठरवलं. आबा मला म्हणाले, “तुला काय करायचंय ती परीक्षा? यंदा लगीन.” एवढ्यावर माझी परीक्षा संपली. मी मान हलवली. मला वाईट वाटलं का, हेसुद्धा मला नीट आठवत नाही, कारण वाईट वाटून घ्यायचीही सवय नव्हती.

मायाक्काचा अर्ज गेला आणि परत आला. त्यात एक रकाना होता, राहण्याच्या कायमच्या ठिकाणाचा. गुरुजींनी तो कोरा सोडला होता. सोलापूरच्या शाळाखात्याच्या कचेरीनं तांबड्या शाईनं लिहिलं होतं की कायमचा पत्ता आणि घराचा दाखला नसेल तर उमेदवाराला बसता येणार नाही. वर उत्तर द्यायची शेवटची तारीखही घातली होती.

गुरुजी आबांकडं आले. मी दाराआडून ऐकत होते.

“पाटील, नुसतं तुमच्या घराचं नाव लिहू द्या. पोरगी हुशार आहे. पास झाली तर गावाचं नाव होईल.”

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “लिवा की. पर मग ती परीक्षेपतूर हितंच ऱ्हाईल. घर आमचं म्हनायचं आन् झोपायचं मेंढरांत, आसं चालनार न्हाय. आमच्या रीतीनं ऱ्हायचं. बाहेर जायचं न्हाय.”

मला तर आनंदच झाला. मायाक्का आमच्या घरात राहायला येणार. मला वाटलं, तिलाही आनंद होईल.

ती आली. आईनं तिला जुनं लुगडं दिलं, डोक्याला तेल लावून दिलं. आई मनानं मऊ होती. पण मायाक्काचं ताट मागच्या ओसरीत, आणि झोपायला कोठीची खोली, जिला खिडकी नव्हती. तीन-चार दिवसांत तिचे डोळे लाल झाले. आईनं विचारलं, “झोप येत न्हाय व्हय गं?”

“न्हाय काकी. वारं लागत न्हाय.”

“अगं, वारं लागू नये म्हनूनच तर घर आसतंय.”

मायाक्का हसली नाही. ती विचार करत होती. अभ्यासही होईना. पुस्तक उघडून बसायची आणि पानावर बोट तसंच. मला म्हणाली, “इंदू, तू हितं वाचतीस कशी? मला पाय हालल्याबिगर डोक्यात काय शिरंना.” मग ती कोठीच्या चार भिंतींत येरझाऱ्या घालत कविता पाठ करायला लागली आणि आबांनी निरोप पाठवला की पोरीनं पाय वाजवू नयेत.

अकराव्या दिवशी दुपारी ते झालं. जेवणं झाली की आबा झोपत. त्या वेळात मोठ्या दाराला कडी आणि आडवा अडसर लागायचा, आणि आम्ही बायका आत. रान घराच्या मागंच होतं. मागून सत्यव्वाची हाक आली. “मायाक्का, ए मायाक्का.” एकदा, दोनदा. मग मेंढीचं ओरडणं.

मायाक्का ताडकन उठली. “चंद्री अडलीया,” ती म्हणाली. आवाजावरून तिनं मेंढी ओळखली होती.

“तुझी आई हाय की तितं.”

“आईचा हात जाडा हाय. तिच्यानं हुनार न्हाय. बाप आन् दादा चरायला घिऊन गेल्यात.” ती दारापर्यंत गेली, अडसर पाहिला, परत आली. “इंदू, दुसरी वाट कुटं हाय?”

मला माहीत होती. गोठ्यातून, वैरणीच्या मागून, एक बुटकं दार होतं. शेण टाकायचं. चौदा वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्या दारातून कधी गेले नव्हते. मी तिला दाखवलं. ती वाकून बाहेर गेली. मी तिथं उभी राहिले. आणि मग, का कोण जाणे, मीही वाकले.

ते ऊन मला अजून आठवतं. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, धसकटं टाचेत रुततायत, आणि आम्ही दोघी पळतोय. वाघुरीवर टाकलेल्या घोंगड्याच्या सावलीत चंद्री पडली होती, जीभ बाहेर. सत्यव्वानं मला पाहून तोंडावर हात ठेवला. मायाक्कानं माझ्या आईनं दिलेल्या लुगड्याच्या पदराला हात पुसले, करडईचं तेल कोपरापर्यंत चोळलं आणि गुडघ्यावर बसली. डोळे मिटले. हात आत गेला तसं तिचं तोंड बदललं. ती ऐकत असल्यासारखी दिसत होती, पण कानानं नव्हे, बोटांनी.

“आडवं हाय,” ती म्हणाली. “मान मागं गेलीया. इंदू, हिचं डोकं धर. बोल तिच्यासंगं.”

“काय बोलू?”

“काय बी.”

मी त्या मेंढीशी काय बोलले? मी तिला सातवीच्या पुस्तकातला धडा म्हणून दाखवला. मला दुसरं काही येत नव्हतं. धडा संपायच्या आत कोकरू बाहेर आलं, पिवळट, लिबलिबीत, मेल्यासारखं. मायाक्कानं त्याच्या नाकातला चिकटा ओढला, मागचे पाय धरून झुलवलं, आणि ते शिंकलं. चंद्रीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली. मायाक्का मागं रेलून बसली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

परत आलो तेव्हा आबा ओसरीवर उभे होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. माझं काय ते नंतर. ते मायाक्काला म्हणाले, “अट काय हुती?”

“मेंढी अडली हुती, आबा.”

“मेली आसती तर मेली आसती. तुज्या बापाकडं काय मेंढरं कमी हायत?”

“तशी ती एकच हुती,” मायाक्का म्हणाली.

आबांना हे उत्तर वाटलं नाही, उद्धटपणा वाटला. ते म्हणाले की पत्ता मिळणार नाही, आणि उद्या सकाळी वाडा रानातनं उचला. मायाक्कानं लुगडं सोडून तिचं स्वतःचं नेसलं, आईचं घडी घालून ओसरीवर ठेवलं, आईच्या पाया पडली आणि निघून गेली. मला त्याच दिवसापासून माडीवरच्या खोलीत ठेवलं. लग्न होईपर्यंत.

पुढचं मी पाहिलेलं नाही. गुरुजींनी आईला सांगितलं आणि मी जिन्यात बसून ऐकलं.

सकाळी वाडा हलला. पण नेहमीच्या वाटेनं, पुढच्या गावाकडं नाही. बिराप्पानं गुरुजींना विचारलं, “ती कचेरी कुटं हाय?” गुरुजींनी सांगितलं आणि परत आलेला अर्ज त्याच्या हातात दिला. “कागदावर काय लिवलंय, घराचा दाखला पायजे?” गुरुजी म्हणाले, हो. “दाखला कसा देत्यात ते मला ठावं न्हाय. घरच घिऊन जातो.”

गुरुजींना वाटलं, म्हातारा रागात बोलतोय. तरी ते काळजीनं होटगीहून गाडी धरून सोलापूरला गेले आणि कचेरीच्या आवारात लिंबाखाली उभे राहिले. दुपार कलताना रस्त्यावर धुरळा दिसला. पुढं बिराप्पा, खांद्यावर काठी. मग मेंढरं. मग तांबडं घोडं, त्यावर तवा, घागर, वाघुरीची जाळी, घोंगड्यांचा गठ्ठा, आणि सगळ्यांत वर चंद्रीचं कोकरू. शेवटी सत्यव्वा आणि मायाक्का. फाटकातल्या शिपायानं हात आडवे केले, पण मेंढरांना हात आडवे करून काय होतं. दीडशे मेंढरं आवारात शिरली आणि मेंदीचं कुंपण खायला लागली. खिडक्यांत कारकून गोळा झाले.

साहेब बाहेर आला. आपलाच मराठी माणूस, चष्म्याचा, तब्येतीनं किरकोळ. “हे काय चाललंय?”

बिराप्पानं पागोटं काढलं नाही. कागद पुढं केला. “साहेब, तुमी घर दाखवा म्हनला. ह्ये आमचं घर.”

“अरे, कायमचं घर विचारलंय. कायमचा पत्ता. उद्या पत्र पाठवायचं झालं तर कुठं पाठवायचं?”

तेव्हा मायाक्का पुढं आली. तिच्याकडं वहीचं एक पान होतं. त्यावर तिनं बारा महिने लिहिले होते आणि प्रत्येक महिन्यापुढं गाव, शिवार, आणि तिथल्या शाळेच्या गुरुजींचं नाव. “ज्या म्हैन्यात पत्र टाकाल त्या म्हैन्याच्या गावाला टाका,” ती म्हणाली. “धा वरसं ह्यात बदल न्हाय. मला मिळंल.”

साहेबानं पान वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाला, “पण रकान्यात एकच गाव मावतं. कायमचं.”

बिराप्पानं शांतपणे विचारलं, “साहेब, तुमी सोलापूरचंच?”

“नाही.”

“बदली किती सालानं हुती तुमची?”

“तीन.”

“मग तुमचं बी कायमचं कुटं हाय?”

एक कारकून हसला. साहेब हसला नाही. त्यानं टाक मागवला, पायरीवरच बसून अर्जाच्या त्या रकान्यात ‘फिरता’ असा एक शब्द लिहिला, मायाक्काचं पान त्याला जोडलं, आणि शिपायाला सांगितलं, “मेंढ्यांना पाणी दाखव.”

मायाक्का परीक्षेला बसली आणि पास झाली. निकालाचं पत्र यादीतल्या महिन्याच्या गावी बरोबर पोचलं. तोवर माझं लग्न होऊन मी माढ्याला नांदायला गेले होते.

पुढं ती सोलापुरात दवाखान्यात शिकून नर्स झाली. तिला सरकारी नोकरी होती, पण दवाखान्यात बसणं तिला जमलं नाही. ज्या वाटांनी वाडा जायचा त्याच वाटांनी ती बाळंतपणं करत फिरली. आधी घोड्यावर, मग सायकलवर, शेवटी एसटीनं. तिला कुठल्या वस्तीवर पाणी आहे हे माहीत होतं, कुठल्या घरात सासू दार उघडत नाही हे माहीत होतं. तीन तालुक्यांत अडलेल्या बायका तिचं नाव घेत. मोठमोठ्या माणसांनी तिला शाली दिल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. प्रत्येक लेखात एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘डोक्यावर छप्पर नसतानाही’.

असा एक लेख वाचून मी तिला माढ्याच्या बाजारात विचारलं होतं. आम्ही दोघी तेव्हा चाळिशीच्या. ती वांगी निवडत होती. म्हटलं, “तुला वाईट वाटत न्हाय असलं वाचून?”

“वाईट कशाला? पर ते ‘नसतानाही’ खोटं हाय,” ती म्हणाली. “इंदू, तू सांग. माझ्या बापाला तुमच्यासारखं घर असतं तर मला कुनी शिकू दिलं असतं?”

तिनं ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण लागलं, आणि बरं झालं लागलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की आपल्या दोन्ही मुली सोलापूरला शिकायला जातील. विचारलं नाही, सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही. मी जेवले.

थोरांच्या घरांवर पाट्या लावायची आपल्याला हौस आहे. अमुक येथे जन्मले, तमुक येथे राहिले. जणू दगडविटांनीच माणूस घडवला आणि वरच्या मजल्यावरून खाली सोडला. मला विचाराल तर त्या प्रत्येक घराला आधी विचारावं, तुझ्यातून किती जण बाहेर पडूच शकले नाहीत? त्यांची पाटी कुठं आहे?

गेल्या वर्षी मायाक्का गेली. यंदा श्रावणात गावात समिती झाली आणि माझा पुतण्या, जो आता त्या दगडी घरात राहतो, पाटीचा मजकूर घेऊन माझ्याकडं आला. ‘या घरात राहून त्यांनी विद्याभ्यास केला.’ साक्षीदार म्हणून हयात मी एकटीच. मी मजकूर वाचला आणि म्हटलं, “अकरा दिवस. आन् हाकलली.”

“आत्या, ते कुनाला म्हाईत हाय आता? घराण्याचं नाव हुईल.”

“मला म्हाईत हाय.”

तो चिडला नाही. समजुतीनं म्हणाला की कार्यक्रमात दोन शब्द बोला, पाहिजे तर घराचं नाव घेऊ नका. मी बरं म्हटलं.

कार्यक्रमाला गाव लोटलं होतं. आमच्याच दारासमोर मांडव. शाळेची पोरं पुढं बसली होती. मला खुर्चीतून उठवून माईकपाशी नेलं. सत्तर वर्षांत मी माणसांपुढं कधी बोलले नव्हते. मी कोठीची खोली सांगितली, अडसर सांगितला, गोठ्याचं दार सांगितलं. आबांचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. कचेरीत गेलेलं घर सांगितलं. पोरं मेंढ्यांनी कुंपण खाल्लं तिथं खूप हसली. मोठी माणसं खाली बघत होती. शेवटी म्हटलं, “ती ह्या घरात शिकली न्हाय. ह्या घरातनं सुटली, म्हनून शिकली. मी सुटले न्हाय.” एवढं बोलून मी बसले.

पाटी तरीही लागली. मजकूर तोच आहे. शाळेच्या बाई सांगतात, पोरं येता-जाता ती मोठ्यानं वाचतात आणि पुढं ‘अकरा दिवस’ असं जोडतात.

पुतण्या माझ्याशी बोलत नाही. दिवाळीला आला नाही, फोनही नाही. बायकोकडून निरोप पाठवला की आत्यानं घराचा अपमान केला. मी तो निरोप दोनदा ऐकून घेतला. आजवर त्या घरातली माणसं माझ्यावर रागावली ती मी उशिरा उठले म्हणून, हसले म्हणून, खिडकीत बसले म्हणून. मी बोलले म्हणून कुणी रागावल्याची ही पहिलीच वेळ. राहू दे त्याला रागात. मी बरी आहे.